खालच्या माणसाचे बूट

आबांना विहिरीत सोडायचं आक्काच्या जिवावर यायचं. सासरा सत्तरीला टेकलेला, छातीत दगडाची भुकटी भरलेली. चार पावलं चढ चढला की त्यांचा श्वास काठावरून ऐकू यायचा. पण कमरेला दोर बांधला की त्यांना अडवायची कोणाची टाप नव्हती. विहिरीच्या कडेला बसून त्यांनी चपला काढल्या, आक्काच्या पुढ्यात जोडून ठेवल्या आणि विचारलं,

"धरलं?"

आक्काने स्वतःच्या चपला बाजूला सारल्या, आबांच्या चपला आपल्या पायात घातल्या, दोराचा वेढा काठावर ठोकलेल्या मेखेला घेतला आणि म्हणाली, "धरलं, आबा."

मग आबा उतरले. पहार आणि टिकाव आधीच खाली गेले होते.

विहिरी खोदणाऱ्या या घराची ही रीत आबांच्या बापापासूनची. खाली जाणाऱ्याने चपला वर ठेवायच्या आणि वरच्याने त्या पायात घालायच्या. कारण अगदी साधं. दुसऱ्याच्या चपला घालून माणूस फार लांब जात नाही. झाडाखाली गप्पा मारायला निघाला, कोणाकडे तंबाखू मागायला निघाला, तरी पायाला टोचतं की या आपल्या नाहीत, यांचा धनी खाली आहे. खालचा वर आला, त्याच्या चपला त्याला मिळाल्या, की जोडी सुटली. त्याशिवाय सुटायची नाही. खालच्याच्या चपला पायात घातल्याखेरीज या घरातल्या कोणी दोराला हात लावल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. बाकीचे खोदकरी हसायचे. हसोत बापडे. या घराच्या दोरावरून आजवर एक माणूस पडला नव्हता.

आक्काचा नवरा आणि आक्काचाच धाकटा भाऊ बारक्या, अशी दाजी-मेहुण्याची जोडी होती. तीन वर्षांपूर्वी दोघं परदेशी गेले. तिथल्या सरकारी खात्याला डोंगरातून भुयार काढायचं होतं आणि दगड फोडणारे हात हवे होते. दोघांनी जाताना एकाच दुकानातून एकसारखे बूट घेतले. माप सोडलं तर ओळखू येऊ नयेत असे. तेव्हा आक्कानेच आतल्या जिभेला सुईने दोरा ओवला होता, नवऱ्याच्या बुटांना लाल आणि बारक्याच्या बुटांना पांढरा. बारक्याला बारक्या म्हणायचे तेच मुळी त्याच्या पायांवरून. बायकांच्या चपला त्याला यायच्या.

चार महिन्यांपूर्वी भुयाराचं छत कोसळलं आणि आक्काचा नवरा त्याखाली गेला. बारक्याने फोनवर सांगितलं की दाजी सुट्टीच्या दिवशी आत गेले होते, कशाला गेले कोणालाच माहीत नाही. पुढे त्याला बोलवेना. पेटी आली, माणसं जमली, माणसाला शेवटचा निरोप दिला गेला. पेटी उघडायची नाही असं बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, म्हणून आक्काने तोंडही पाहिलं नाही.

आता ती आणि आबा अशी जोडी झाली होती. वाटेवरच्या बागवाल्याची विहीर आटली होती. वाट इतकी चिंचोळी की यंत्र आत येईना, म्हणून ही दोघं त्याला आठवली. दोन परस खोल करून द्यायची, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची दोन मापं. तीही पाऊस यायच्या आत. पाऊस आला आणि काम अर्धवट राहिलं तर छदाम मिळणार नाही, असं बागवाल्याने तीन वेळा बजावलं होतं. तीन आठवड्यांत अर्धा परसही झाला नव्हता.

आक्का वरून घमेली ओढत होती आणि खालून येणारा खोकला ऐकत होती. सगळी आशा एका कागदावर होती. कामावर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना ते सरकार एकरकमी मदत देतं, असं गावात सगळेच सांगत होते. ती मदत आली की आबांच्या कमरेचा दोर सोडायचा आणि पुन्हा बांधायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आबांना अजून सांगितलं नव्हतं, कारण ते भांडले असते.

कामगार कचेरीत तिला ओळखणारा एकच माणूस, चष्मेवाला कारकून. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी द्यायची असली की तो आधी चष्मा पुसायचा, आणि त्या दिवशी त्याने दोन्ही काचा बराच वेळ पुसल्या.

"बाई, नाकारलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मदत मिळणार नाही. तिथल्या नोंदीत त्या दिवशी तुमच्या मालकांची आठवड्याची सुट्टी आहे. परक्या देशाचा मजूर कामावर नसताना मेला तर त्याला मदत लागू होत नाही."

"पण छत त्यांच्याच भुयाराचं पडलं ना?"

"त्यांच्याच," कारकुनाने कबूल केलं.

"आणि त्या देशाचा माणूस असता तर? सुट्टीच्या दिवशी आत गेला असता आणि मेला असता तर?"

"तर मिळाली असती. त्यांच्या नागरिकाला सुट्टी काय आणि काम काय, सगळं सारखंच. परक्याचे मात्र कामाचे तास बघतात."

"म्हणजे आमच्या माणसाने मरायचं तेही कामाच्या वेळेत."

कारकुनाने कागद फिरवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "नव्वद दिवसांत अपील करता येतं. पण नवा पुरावा लागेल. माणूस कामावर होता असं बरोबरच्या कोणीतरी लिहून द्यायला हवं. तुमचा भाऊ तिथंच आहे ना?"

"तो तर म्हणतो, उगाच गेले होते."

"मग अवघड आहे," कारकून म्हणाला आणि टेबलाखालून पुठ्ठ्याचं एक खोकं काढलं. "हे त्यांचं सामान. यादी वाचतो, मग अंगठा किंवा सही. घड्याळ एक. सदरे तीन. चादर एक. अंगावरचे बूट, एक जोडी."

आक्काने सही केली. तिला सही येत होती, पण त्या दिवशी अक्षरं एकमेकांवर चढली.

आक्काची पोर शाळेत असताना खोकं घरी आबांसमोरच उघडलं. सदऱ्यांना दुसऱ्याच कुठल्या साबणाचा वास येत होता, त्यामुळे तिने ते नाकाला लावले तरी काही उपयोग झाला नाही. मग बूट काढले. धूळ बसून दगडासारखे कडक झालेले आणि मागची टाच चेपून सपाट झालेली. आपला माणूस टाच चेपून बूट घालत नसे, दुसऱ्या कोणी घातले तर ओरडायचा. आक्काने बूट तळहातावर ठेवला आणि तिचा हात तिथंच थांबला. बूट लहान होता. तिने जीभ बाहेर ओढली. आत पांढरा दोरा होता.

"आबा, हे बारक्याचे आहेत."

"चुकून आले असतील."

"अंगावरचे, असं यादीत लिहिलंय. अंगावरून काढलेले."

आबांनी बूट घेतला. चेपलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला. त्यांच्या मुलाचा पाय त्यांच्यासारखाच फताडा, या बुटात तो टाच चेपल्याशिवाय जाणंच शक्य नव्हतं. मग खोकला आला, तो संपला, आणि ते म्हणाले,

"उगाच नव्हता गेला माझा पोरगा. खाली गेला होता. बारक्या वर होता."

सगळ्या जगात ही गोष्ट एका जोडी बुटांवरून कळणारी माणसं दोनच होती, आणि ती दोघं आपल्या घरात खोक्यासमोर बसली होती. आक्काला रडू आलं नाही. इतका राग आला की दातांवर दात दाबून तिचा जबडा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने विहिरीच्या काठावरूनच बारक्याला फोन लावला.

"बारक्या, तुझे बूट आले."

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती.

"खाली कोण होतं आणि वर कोण होतं, तेवढं सांग."

"आक्का..."

"तेवढंच सांग."

मग त्याने सांगितलं. रडत, अडखळत, मध्येच कोणी ऐकतंय का बघत. त्याला ताप होता. महिन्यात दोन खाडे आधीच झाले होते आणि तिसऱ्या खाड्याला परत घरी पाठवतात. दाजींची सुट्टी होती. दाजी म्हणाले, तू पड, तुझा बिल्ला दे, मी जातो. तिथं आत जाताना आपल्या क्रमांकाचा बिल्ला भुयाराच्या तोंडापाशी फळ्यावर टांगायचा आणि बाहेर येताना काढून घ्यायचा असतो. माणसाच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, बिल्ला बघतात.

"आणि बूट?"

"सवय, आक्का. दाजींनी त्यांचे बूट काढले आणि माझ्यासमोर ठेवले. हसले आणि म्हणाले, धरलं? मीही धरलं म्हणालो. माझे बूट त्यांनी टाच चेपून घातले. मी खोलीत पांघरूण घेऊन त्यांचे बूट घालून पडलो होतो."

"मग?"

"आवाज झाला तसा पळत गेलो. सगळे फळ्यापाशी जमले होते, कोणाचा बिल्ला राहिलाय ते बघत होते. माझा होता. मी... मी तो काढून घेतला, आक्का. मला वाटलं, दोघांनाही कामावरून काढतील. दाजी येतील बाहेर असंच वाटत होतं मला. तेव्हा वाटत होतं."

आक्काच्या हातातला फोन कानाला चिकटून राहिला होता. आपल्या पाठच्या भावाने तिच्या माणसाचं नाव त्या भुयारात गाडून वर माती लोटली होती, असं तिला वाटलं, आणि तसंच ती त्याला म्हणाली.

"हे सगळं लिहून दे. जसं सांगितलंस तसं."

"त्याच दिवशी घरी पाठवतील मला. दोन पोरं, बायको, आपली आई. आईचं सगळं औषधपाणी माझ्या पगारावर चालतंय, आक्का."

"मला माहीत आहे," आक्का म्हणाली आणि तिनेच फोन बंद केला.

तिसऱ्या दिवशी भावजय आली. भर उन्हात, डोक्यावर पदर घट्ट धरून, थेट विहिरीवर. आबा खाली होते आणि आक्काच्या पायात त्यांच्या चपला होत्या. भावजयीने ते पाहिलं आणि ती वाटेतच थबकली. पण आली होती ते बोलायलाच.

"वन्सं, एक घर बुडालं. दुसरं तुमच्या हाताने बुडवणार का?"

"मी काही मागत नाहीये गं. माझा माणूस खाली होता, एवढंच बारक्याने लिहून द्यावं म्हणतेय."

"एवढंच!" भावजय हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "तुमची आई माझ्याकडे आहे. तिला मी न्हाऊ घालते, मी भरवते. उद्या हे घरी येऊन बसले तर तिला काय खायला घालू, ते तुम्हीच सांगा."

"तुझा नवरा घरी येऊन बसेल. माझा काय करेल?"

खालून आबांनी घमेलं भरल्याची हाक दिली. आक्का ओढायला लागली तसं भावजयीने न बोलता दोराचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून घमेलं वर घेतलं. ते रिकामं करून भावजय हात झटकत म्हणाली, "माझंही चुकत नाही, वन्सं." आक्का म्हणाली, "नाहीच चुकत." आणि ती गेली.

त्याच आठवड्यात आबांचं खाली उतरणं संपलं. खालून टिकावाचा आवाज थांबला, आक्काने हाक मारली, उत्तर आलं नाही. तिने दोर ओढला तेव्हा आबा पोत्यासारखे वर आले. शुद्धीवर होते, पण ओठ निळे पडले होते. त्यांना झाडाखाली बसवून ती पाणी पाजत होती, तेवढ्यात बागवाला आला. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं.

"अजून दीड परस राहिलंय. म्हाताऱ्याला घेऊन काम उचलायचंच कशाला म्हणतो मी? दुसरी माणसं बघू का?"

"उद्यापासून मी उतरते," आक्का म्हणाली.

"बाई खाली? बघ बाई. काही झालं तर माझ्या दारात रडत यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आक्काने दोर कमरेला बांधला. चपला काढून आबांसमोर ठेवल्या. आबांचे पाय त्यात अर्धेही मावले नाहीत, टाचा मागे जमिनीवर टेकल्या.

"धरलं?" तिने विचारलं.

"धरलं," आबा म्हणाले. पण हात थरथरत होते, ते तिला खालपर्यंत दोरातून कळत होतं.

खाली गेल्यावर वरचं आभाळ ताटाएवढं दिसतं. आक्काने दिवसभर पहारीने दगडाच्या सांधी उघडल्या. हाताला फोड आले, फुटले आणि त्यात भुकटी भरली. नवरा कधी हाताची तक्रार करत नसे, नुसता रात्री हात पाण्यात बुडवून बसायचा. ते तेव्हा तिला फाजील लाड वाटायचे आणि ती त्याला चिडवायची. चिडवायला नको होतं, असं तिला त्या दिवशी खाली वाटलं. वर यायच्या वेळी ती अर्ध्यावर आली आणि दोर सुटला. हातभरच सुटला, मेखेने धरला. पण त्या हातभरात तिच्या डोळ्यांसमोर आपल्या पोरीचं तोंड आलं. सहावीतली पोर, शाळेतून येऊन दाराशी वाट बघत बसली असेल. वर आली तेव्हा आबा मेखेला मिठी मारून लहान मुलासारखे रडत होते.

"मला धरवत नाही गं. मला नाही धरवत."

तिने आबांना घरी नेऊन निजवलं. सकाळी काम लावायच्या आधी बारक्याला फोन केला. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"बारक्या, आता खाली मी उतरते. वर आबा असतात. काल दोर हातभर सुटला."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, यंत्रांची घरघर कमी झाली.

"अजून तुझ्या पायात त्यांचेच बूट आहेत का?"

"काढले नाहीत, आक्का. झोपताना काढतो तेवढेच."

"मग तू अजून वरच आहेस. वरच्याने जे करायचं ते कर."

आठव्या दिवशी कारकुनाने बोलावून सांगितलं की भावाचा जबाब आलाय, तीन पानी, शिक्का मारलेला. त्याने तो अपिलाला जोडला. बाराव्या दिवशी दुपारी चिंचोळ्या वाटेने खांद्यावर पिशवी घेतलेला एक माणूस पाय ओढत विहिरीकडे येताना दिसला. बूट त्याला इतके मोठे होत होते की प्रत्येक पावलाला आपटत होते. आक्काने आवाजावरूनच ओळखलं, पण ती जागची हलली नाही.

"काढलं मला," बारक्या म्हणाला.

"घरी जाऊन आलास?"

"हो. ती बोलत नाही माझ्याशी. आईने ओळखलं."

एवढंच. बारक्याने पिशवी ठेवली आणि आबांच्या हातातून दोर घेतला. महिनाभर तिघांचं काम असं चाललं. बारक्या आणि आक्का आळीपाळीने खाली जात. पण ती खाली असेल तर आबा तिच्या चपला घालून मेखेपाशी बसत, आणि बारक्या खाली असेल तर त्याचे बूट आबा घालत. दोर बारक्याने ओढायचा किंवा आक्काने, पण चपला आबांच्या पायात, असा हा वेडावाकडा तोडगा कोणी ठरवला नव्हता. आक्काला भावाशी जोडी बांधायची नव्हती, आणि ते त्यालाही कळत होतं. बोलणं टिकाव दे, घमेलं घे, इतकंच. पण मनातून दोघंही एकाच कागदाची वाट बघत होते. मदत आली तर त्यातून बारक्याच्या घरालाही हात द्यायचा, हे आक्काने ठरवलं होतं. रागावली होती, तरी ठरवलं होतं.

बोलावणं आलं तेव्हा दोघं एकत्र कचेरीत गेली. कारकुनाने चष्मा पुसायला घेतला नाही, म्हणून आक्काचा जीव भांड्यात पडला.

"तुमचं म्हणणं त्यांनी मान्य केलंय," तो वाचता वाचता म्हणाला. "मयत व्यक्ती घटनेच्या वेळी प्रत्यक्ष काम करत होती, हे मान्य."

बारक्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आक्काला आधी नवराच आठवला. उगाच नव्हता गेला, हे आता त्यांनीही लिहून दिलं होतं.

कारकुनाने पान उलटलं. वाचता वाचता त्याचा हात चष्म्याकडे गेला.

"काय झालं, साहेब?"

"मदत माणसाला मिळत नाही, बाई. क्रमांकाला मिळते. परक्यांची नावं त्यांच्या नोंदीत नसतात, क्रमांकच असतात." त्याने चष्मा काढला. "त्या दिवशी कामावर असलेला क्रमांक यांचा, तुमच्या भावाचा. तो क्रमांक जिवंत आहे. मेलेला क्रमांक तुमच्या मालकांचा, आणि तो सुट्टीवर होता. म्हणून अपात्र."

"पण आत्ता तर म्हणालात, काम करत होता हे मान्य..."

"मान्य आहे. पण दुसऱ्याच्या क्रमांकावर."

"साहेब," बारक्या खुर्चीवरून उठला, "मग मला मेलेला लिहा. लिहून टाका. मी कुठं काही बोलणार नाही. मी कधी त्या कचेरीत फिरकणार नाही."

"तुम्ही माझ्यासमोर उभे आहात."

"कोणाला कळतंय? लिहा ना! मदत हिला द्या."

"खाली बसा," कारकून म्हणाला. "पुन्हा अपील नाही. त्यांच्या नागरिकांना दोनदा असतं. परक्यांना एकदाच."

बारक्या टेबलाचा काठ धरून उभाच राहिला. मागे रांगेत असलेली माणसं माना लांब करून बघायला लागली. शेवटी आक्कानेच त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. परत येताना दोघं सगळा रस्ता चालत आली, गाडीत बसायचं कोणालाच सुचलं नाही. वाटेत बारक्याच्या पायातून दोनदा बूट निसटला. दोन्ही वेळा तो वाकला, तो घातला आणि मागून आला. एक दाणा हाती लागला नव्हता. तिने त्याची नोकरी घेतली होती आणि त्याच्या बदल्यात तिच्या पदरात काही पडलं नव्हतं. भावजयीला आता कोणत्या तोंडाने सामोरं जायचं, हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. अजून हात-दीड हात राहिलं होतं. आबा अंथरुणातून उठले नाहीत. उठायला बघत होते, पण आक्काने त्यांना हाताने परत निजवलं आणि पोरीला त्यांच्याजवळ बसवलं. विहिरीवर ती आणि बारक्या, दोघंच. बागवाला बांधावर उभा राहून आभाळाकडे बघत होता आणि मुद्दाम मोठ्याने उसासे टाकत होता.

बारक्याने दोर कमरेला बांधला, काठावर बसला आणि बूट काढले. तो थांबला, इकडे तिकडे बघितलं. आबा नव्हते. मग त्याने ते आक्काच्या पुढ्यात ठेवले, जोडून, टोकं विहिरीकडे करून.

"आक्का, नको असेल तर राहू दे," तो खाली बघत म्हणाला. "तू नुसता दोर धर. मी उतरतो."

आक्का त्या बुटांकडे बघत राहिली. आत जिभेला लाल दोरा होता, तिनेच ओवलेला. नवऱ्याने हे काढून ठेवले होते, हसून विचारलं होतं, आणि हा माणूस धरलं म्हणाला होता. आणि नंतर बिल्ला काढून घेतला होता. तिला वाटलं, उचलावेत आणि विहिरीत फेकून द्यावेत. मग वाटलं, याला असाच खाली सोडावा, काही न बोलता. बारक्या पाय खाली सोडून बसला होता. पाय गोरे आणि लहान, बोटांवर मोठ्या बुटांनी पडलेले फोड. लहानपणी ती त्याला कडेवर घेऊन फिरायची तेव्हा हेच पाय तिच्या कमरेवर आपटायचे.

तिने स्वतःच्या चपला काढल्या आणि पाय बुटात घातले. आतला तळवा एका ठिकाणी खोल बसला होता, अंगठ्याखाली. त्या खळग्यात तिचा अंगठा बसला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तिने पुसायचा प्रयत्न केला नाही, कारण दोन्ही हातांत दोर होता.

"धरलं?" बारक्याने विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती.

आक्काने दोराचा आणखी एक वेढा मेखेला घेतला.

"धरलं. उतर."

दुपारपर्यंत ती त्या बुटांत उभी राहिली. सावलीत गेली नाही, बागवाल्याने हाक मारली तेव्हाही गेली नाही. पहिले थेंब पडायला लागले तेव्हा खालून बारक्याची हाक आली की माप भरलं, ओढ. तिने ओढलं. तो काठावर आला, चिखलाने माखलेला, आणि अनवाणीच उभा राहिला.

"असू देत तुझ्याकडे," तो म्हणाला. "दाजींचे आहेत. मला नकोत."

आक्काने खाली बसून बूट काढले, एकेक पुसले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले.

"तू वर आलायस ना? मग घाल."

तो रडत होता. पण त्याने ते घातले.

आक्का चिखलात आपल्या चपला शोधायला लागली.